बॅकअप : प्रत असावी, पण वेगळी असावी



आपल्या नांदूरघाटात खताच्या दुकानापासून पतसंस्थेपर्यंत हिशोब आता संगणकावर असतो. तिथं एंट्री करायला बसतात ती आपल्याच शाळेतून शिकून गेलेली पोरं. म्हणून वर्गात टायपिंगइतकाच बॅकअपही शिकवला पाहिजे, असं मला वाटतं. खरिपात दिलेली उधारी माल विकल्यावर वसूल होते. मधेच हार्ड डिस्क गेली तर कुणाकडं किती बाकी, हे सांगणार कोण? दुकानदाराचे पैसे अडकतात आणि गावात भांडणं लागतात ती वेगळीच.

"बॅकअप घेता का?" असं विचारलं की उत्तर येतं, "हो सर, पेनड्राइव्ह लावलेलाच असतो." अडचण नेमकी इथंच आहे. कायम लावलेल्या पेनड्राइव्हवर व्हायरसही पोहोचतो.

27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' या व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. कोणाला कशात प्रवेश द्यायचा याची नोंद ठेवणारे त्यांचे सुमारे 150 सर्व्हर होते. ते एकमेकांची प्रत ठेवत. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून एकदमच गेले. वाचला तो फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातला एक. कारण? तिथं लाईट गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्यानं तयार करावे लागले.

मर्स्कला नशिबानं मिळालं, ते आपण ठरवून करायचं. त्यासाठी 3-2-1 हा सोपा नियम आहे : माहितीच्या 3 प्रती, 2 वेगळ्या साधनांवर, त्यातली 1 दुसऱ्या जागी. शेतकरी सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही, तसंच हे. दुकानासाठी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क पुरतात. एक दुकानात, एक घरी; दर आठवड्याला अदलाबदल. कॉपी झाली की वायर काढायची.

बॅकअप किती वेळा घ्यायचा? स्वतःला विचारा, किती दिवसांचं काम पुन्हा करायची आपली तयारी आहे? हंगामात रोज, एरवी आठवड्याला.

गुगल ड्राइव्हवर फोल्डर जोडलं म्हणजे झालं, असंही नाही. इकडं फाइल पुसली की तिकडचीही जाते. काही दिवस ती ट्रॅशमध्ये सापडते, नंतर नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नका.

मुलांना या आठवड्यात एक गृहपाठ द्या. घरी किंवा ओळखीच्या दुकानात दोनच प्रश्न विचारायचे : शेवटची प्रत कधी काढली? आणि ती उघडून पाहिली का?