राहात्याचा पेरू, मळीची जिन आणि आडवी बाटली

#थ्रेड

१/ जानेवारीतली रविवारची संध्याकाळ. राहात्यातल्या एका घरी पंचवीस वर्षे पूर्ण झालेली नात ओट्यावर चार वस्तू मांडते : पिकलेले पेरू, लिंबू, तिखटमिठाची ताटली आणि जिनची बाटली. दाराशी बसलेली आजी विचारते, "ह्या घरात पुन्हा बाटली?" त्या 'पुन्हा'मागे या परिसराचा शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे.

२/ आरंभ पेरूपासून. हे फळ मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने ते भारतात आले, असे मानले जाते. मिरचीही त्याच वाटेने आली. नगर-मनमाड रस्त्यावर तिखटमीठ लावून हातात पडणारी पेरूची फोड म्हणजे दोन परदेशी पाहुण्यांची गाठभेट. आज मात्र राहात्याची ओळखच पेरूच्या बागांनी होते.

३/ कृती सोपी आहे. मऊ पेरूच्या फोडी थोड्या पाण्यासह मिक्सरमधून फिरवायच्या आणि रस गाळून बिया काढून टाकायच्या. पेल्याच्या कडेला लिंबाची फोड फिरवून ती कड तिखटमिठात टेकवायची. मग बर्फ, ३० मिलिलिटर जिन, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर काळे मीठ आणि वरून पेरूचा रस. एकदा ढवळले की झाले.

४/ असे मिश्रण पश्चिम भारताला नवे नाही. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतले इंग्रज 'पंच' पीत असत : मद्य, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी. १६७० च्या दशकात मुंबई, सुरत आणि जुन्नर पाहिलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने ते नाव पाच या संख्येशी जोडले. हीच व्युत्पत्ती आजही सर्वाधिक प्रचलित आहे.

५/ जिन मात्र युरोपची. तिचे नाव डच 'येनेव्हर'वरून, म्हणजे जुनिपर या झुडपावरून आले. आयुर्वेदातील हपुषा ती हीच जात. लंडनमध्ये स्वस्त जिनने गरीब वस्त्यांची इतकी वाताहत केली की १७५१ मध्ये पार्लमेंटला निर्बंधांचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी विल्यम होगार्थने 'जिन लेन' हे चित्र छापले. त्यात नशेतल्या आईच्या हातून मूल खाली पडते आहे.

६/ आता बाटलीतला मुख्य घटक. जिन म्हणजे शुद्ध मद्यार्काला दिलेला जुनिपरचा गंध. युरोपात हा मद्यार्क बहुधा धान्याचा असतो. भारतात स्वस्त जिनचा मद्यार्क प्रामुख्याने उसाच्या मळीचा. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणारा दाट, काळा पाक म्हणजे मळी. आणि मळी म्हटली की नगर जिल्हा आलाच.

७/ या दुष्काळी पट्ट्यात ऊस आला तो कालव्यांमुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोदावरीचे कालवे झाले. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण होऊन प्रवरेचे पाणी बारमाही झाले. ब्रिटिश सरकारचा मूळ हेतू दुष्काळनिवारणाचा होता. परंतु पाणी खेळताच जिरायत शिवारे उसाने भरली.

८/ उसामागोमाग कारखाने आले. हरेगावला बेलापूर कंपनी उभी राहिली. १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स टिळकनगरला स्थापन झाली. मॅन्शन हाऊस ब्रँडी बनवणारी आजची टिळकनगर इंडस्ट्रीज ती हीच कंपनी. आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभारला.

९/ आकडे पाहू. एक टन उसातून साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि तेवढ्या मळीपासून सुमारे १० लिटर मद्यार्क तयार होतो. साखर हे मुख्य उत्पादन असले, तरी साखरेबरोबर मळी निघणार आणि मळीची विल्हेवाट लावावीच लागणार. प्रश्न एवढाच होता : हा मद्यार्क जाणार कुठे?

१०/ इथे इतिहासाने गंमत केली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० मध्ये राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. लोणीच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. शासनाने पेला पालथा केला आणि त्याच सुमारास मळीचा एक नवा स्रोत सुरू झाला. मद्यार्काला औद्योगिक वापर होता. पिणाऱ्यांसाठी मात्र हातभट्ट्या रात्री पेटू लागल्या.

११/ १९६० च्या दशकात बंदी सैल झाली. १९७३ मध्ये देशी दारूचे स्वतंत्र नियम झाले आणि परवानाधारक दुकाने गावोगावी दिसू लागली. त्या दुकानांतील दारूही मळीच्या मद्यार्काचीच. ज्या शिवारातला ऊस बैलगाडीने कारखान्यात जाई, त्याच शिवाराच्या रस्त्यावर तो बाटलीतून परत येई.

१२/ या आजीचे यजमान तीच बैलगाडी हाकत. हंगामात आठवड्याची मजुरी हाती पडे आणि घराच्या वाटेवर गुत्ता लागे. आजी पेरूची पाटी घेऊन रस्त्यावर बसे, म्हणून चूल पेटे. ते पन्नाशीही न गाठता गेले. घरातली शेवटची बाटली तिने उकिरड्यावर फोडली होती. 'पुन्हा' हा शब्द तिथून आला.

१३/ अशा आज्या महाराष्ट्रभर होत्या. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंनी गावातून दारू हद्दपार केली. पुढे २००८ च्या शासन आदेशाने मतदानाची स्पष्ट पद्धत घालून दिली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे. निम्म्याहून अधिक नोंदणीकृत महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद.

१४/ १९४९ चा कायदा आजही रद्द झालेला नाही. महाराष्ट्रात जिनसारख्या कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण लागते आणि पिण्यासाठी, अगदी स्वतःच्या घरातही, परवाना लागतो : एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन. नातीने तो काढला होता. कायद्याचा परवाना तिच्याजवळ होता. घराचा अजून मिळायचा होता.

१५/ तिने बाटली आजीपुढे धरली. "ही देशी नाही गं, जिन आहे. वास घेऊन बघ." आजीने बूच नाकाशी नेले. ज्या रस्त्यावर ती पेरू विकायला बसे, तिथे वारा फिरला की आसवनीचा दर्प येई. ती म्हणाली, "वरून अत्तर लावलंय पोरी. खाली तीच हाय."

१६/ शास्त्राच्या दृष्टीने आजी पूर्णतः बरोबर होती. आजोबांच्या पेल्यातला आणि नातीच्या पेल्यातला मद्यार्क एकाच मळीचा. फरक होता तो पिणाऱ्याच्या परिस्थितीचा : एकीकडे दिवसभर ऊस ओढून थकलेले, कर्जात बुडालेले शरीर, दुसरीकडे शिक्षण, पगार आणि एका मापानंतर थांबण्याची मोकळीक. मद्याच्या इतिहासात ही परिस्थिती नोंदवणारे कागद फार थोडे सापडतात.

१७/ नातीने दोन पेले भरले. आजीच्या पेल्यात नुसता पेरूचा रस, लिंबू आणि काळे मीठ. कडेला तिखटमीठ दोघींच्याही. आजीने घोट घेतला, "मीठ कमी पडलं," म्हणाली आणि उठली. ओट्यावरच्या बाटलीचे बूच तिने घट्ट लावले, फडताळ उघडले आणि बाटली आत ठेवली. आडवी.

(समाप्त)