आधी नाव नोंदवा

मनुष्य जगात येतो तेव्हा त्यास मिळणारी पहिली भेट म्हणजे त्याचे नाव. आम्हां शिक्षकांचा तर निम्मा जन्म इतरांची नावे उच्चारण्यात जातो. रोज सकाळी हजेरीपट उघडून चाळीस-पन्नास नावांस 'हजर' ऐकल्यावाचून आमच्या दिवसास आरंभ होत नाही. असे असता, एखाद्याचे नाव नोंदविणे हेच मोठे संकट होऊन बसेल, असे आम्हांस गेल्या उन्हाळ्यापूर्वी कोणी सांगितले असते, तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते.

सुटीत आम्ही इनामगावास घरी होतो. एके दिवशी दुपारी वस्तीवरील एक वृद्ध मावशी कागदांची पिशवी छातीशी धरून ओसरीवर आल्या. वय सत्तरीच्या घरात. कांदा खुरपण्यात व ऊस बांधण्यात बोटे झिजून गुळगुळीत झालेली. त्यांच्या अनुदानाचे हप्ते काही महिन्यांपासून बंद पडले होते. कचेरीत विचारता 'तक्रार आता ऑनलाईन करावयाची' असे उत्तर मिळाले होते.

"गुर्जी, तुमी शिकल्यालं मानूस. तेवढं माजं गाऱ्हानं घाला त्याच्यावर," असे म्हणून त्या भिंतीस टेकून बसल्या.

आम्ही म्हणालो, "मावशी, चहा होईपर्यंत काम होऊन जाईल." पदवीधराच्या तोंडचे हे वाक्य पुढे आम्हांस फार महाग पडले.

संगणकाच्या पडद्यावर 'मदत हवी आहे काय?' असा मोठा प्रेमळ प्रश्न होता. त्यावर बोट ठेवताच खाली अक्षरे उमटली : 'आधी नोंदणी करा.' नोंदणीच्या दाराशी पहिलाच पहारेकरी उभा होता, तो आम्ही यंत्र नसून मनुष्य आहोत याचा पुरावा मागणारा. नऊ चित्रे मांडून त्याने आज्ञा केली, की ज्यांत अग्निशामक नळ असेल ती निवडा. परदेशांतील शहरांच्या पदपथांवर असा ठेंगणा नळ असतो म्हणतात. इनामगावात तो कोणी पाहिला आहे? मावशींनी चष्मा पुसून पाहिले व 'ह्यो तर देवाचा दगुड दिसतुया' असा अभिप्राय दिला. आम्ही अंदाजाने बोट ठेवीत गेलो आणि तीन वेळा मनुष्यत्वाच्या परीक्षेत नापास झालो.

विद्यार्थिमित्रांनो, या परीक्षेस कॅप्चा म्हणतात. इ. स. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने असा विचार मांडला, की प्रश्न विचारणाऱ्या मनुष्यास समोर यंत्र आहे की माणूस हे उत्तरांवरून ओळखता आले नाही, तर त्या यंत्रास विचार करता येतो असे का म्हणू नये? पुढे अर्धशतकाने अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लम, लुईस फॉन आन आदी विद्वानांनी ही कसोटी उलटी फिरविली. फुकट खाती हजारोंनी उघडून उपद्रव देणाऱ्या यंत्रांस अडविण्यासाठी त्यांनी यंत्रालाच परीक्षक केले व मनुष्यास बाकावर बसविले. हेतू चांगलाच होता. परंतु आपल्या गावचे रस्ते सर्व जगाचे रस्ते आहेत, असे परीक्षक समजू लागला, की हुशार विद्यार्थीही नापास होतो. प्रश्नपत्रिका काढताना हा दोष आमच्याही हातून घडला असेल, असे त्या वेळी मनात येऊन गेले.

चौथ्या प्रयत्नास दार किलकिले झाले. आता गुप्त शब्द हवा होता. त्यात मोठे अक्षर हवे, लहान अक्षर हवे, अंक हवा, चिन्ह हवे. इ. स. २००३ मध्ये अमेरिकेच्या एका सरकारी मानक-संस्थेसाठी बिल बर यांनी जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यापासून हा प्रघात जगभर पसरला. इ. स. २०१७ मध्ये त्या संस्थेने हा आग्रह सोडला व खुद्द बर यांनीही आपल्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. परंतु नियम मागे घेतल्याची वार्ता नियमाइतक्या वेगाने प्रवास करीत नाही. आम्ही शब्द घडविला, वहीत लिहून ठेवला आणि पुढे सरकलो.

दुसरा दिवस नावाने खाल्ला. सातबाऱ्यावर मावशींच्या नावापुढे 'भ्र.' असून नंतर पतीचे नाव. बँकेच्या पुस्तकात नावास 'बाई' जोडलेले. ओळखपत्रावर 'बाई' गळालेली आणि आडनावाच्या इंग्रजी लेखनात एक अक्षर अधिक. बाई एकच, परंतु तीन कागदांत तीन झाल्या होत्या. आम्ही जे नाव घालावे ते यंत्राने 'जुळत नाही' म्हणून परतवावे. शेवटी मावशी त्रासून म्हणाल्या, "समदा गाव मला वळखतो, गुर्जी. ह्यालाच कसं ठावं न्हाई?" यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तिसऱ्या दिवशी नाव जुळले. आता मोबाईलवर सहा अंकी संकेतांक येईल, तो घालावा, एवढेच उरले. मावशींनी क्रमांक न अडखळता पाठ म्हटला होता. पडद्यावर दिसणारे त्याचे शेवटचे चार आकडे ओळखपत्राशी जोडलेल्या क्रमांकाशी जुळत होते. आम्ही पाठविण्याची विनंती केली. संकेतांक आला नाही. पुन्हा केली; आला नाही. तिसऱ्यांदा यंत्राने बजावले, की प्रयत्नांची मर्यादा संपली, उद्या यावे; अडचण असल्यास आपल्या खात्यात प्रवेश करून तक्रार नोंदवावी. खाते उघडत नाही ही तक्रार, आणि ती नोंदविण्यास खाते हवे! आडातील पोहरा काढण्यास दुसरा पोहरा हवा, आणि तोही त्याच आडात पडलेला, अशी ही गत. आमचा संताप अनावर झाला. यंत्रास, ते घडविणाऱ्यास व साऱ्या नव्या युगास आम्ही बोल लाविले.

चौथ्या दिवशी आम्ही किंचित चिडूनच विचारले, "मावशी, तो मोबाईल आहे तरी कोठे? जरा आणा पाहू."

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "लेकाचा नंबर हाय त्यो. दोन वरसं झाली त्याला जाऊन. मला त्यो येकच नंबर पाठ हाय, गुर्जी."

आमच्या संतापाचे पाणी झाले. तीन दिवस आम्ही त्यांचे कागद शंभर वेळा चाळले होते. परंतु त्यांस एक साधा प्रश्न विचारावयाचे आम्हांस सुचले नव्हते. आपल्याकडे बंद पडलेला क्रमांक निदान ९० दिवस कोणास देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्यास मिळू शकतो. मावशींचे संकेतांक कदाचित एखाद्या अनोळखी मनुष्याच्या खिशात वाजत असतील, आणि ही माता मात्र तो क्रमांक जपमाळेप्रमाणे मनात धरून होती.

त्या सायंकाळी आम्ही घोड नदीच्या बाजूने फिरावयास गेलो. तिच्या उजव्या तीरावरील पांढरीत डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी इ. स. १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० पर्यंतची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. शंभराहून अधिक घरे, धान्याची कोठारे, पाटाचे पाणी, सर्व काही सापडले. परंतु लिपी नसल्याने एकाचेही नाव सापडले नाही. मात्र त्यांची मृत बालके दोन कुंभांच्या तोंडास तोंड लावून त्यांत ठेवलेली, घराच्याच भुईत पुरलेली आढळली. नाव कोठेही न लिहिता त्या लोकांनी आपल्या लेकरांस ओळखीच्या बाहेर जाऊ दिले नव्हते. मावशींनी पाठ धरलेला क्रमांक त्याच जातीचा होता.

परतताना आम्हांस आणखी एक आठवण झाली व ती अद्याप बोचते. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली एक बाई मुलाचा हात धरून आमच्या टेबलाशी उभी राहिली होती. मुलाजवळ शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. आम्ही मान वर न करता म्हणालो, "आधी दाखला आणा." ती गेली, ती पुन्हा आली नाही. मुलाचे नाव आम्ही विचारलेदेखील नव्हते. जुने शिक्षक ज्यांची जन्मतिथी कोणास ठाऊक नसे अशा मुलांपुढे बेलाशक '१ जून' लिहीत. आज त्या तारखेस लोक हसतात. परंतु ती लिहिणाऱ्याने दार उघडले होते. आम्ही खरी तारीख मागितली आणि दार लावून घेतले. यंत्रास मन नाही ही त्याची सबब आहे. आमची सबब कोणती?

असो. दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींसह शिरूरच्या केंद्रात गेलो. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रास उमटेनात. तेथील तरुणाने खुर्ची पुढे सरकवून, "आजी, इकडं बघा," म्हणत डोळ्यांवरून ओळख पटविली व सुनेचा क्रमांक जोडण्याची नोंद केली. काही दिवसांनी संकेतांक आला, खाते उघडले व गाऱ्हाणे दाखल झाले. तक्रारीचा क्रमांक आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून दिला. तो मावशींनी पदराच्या गाठीत बांधला. पाठ मात्र केला नाही. पाठ करावयाचा क्रमांक त्यांच्यापाशी होताच.

मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येक जण पुढे अशी यंत्रे घडवितील, कित्येक कचेऱ्यांत टेबलामागे बसतील. दाराशी पहारा असावा. चोर व लुच्चे जगात आहेतच. परंतु पहारेकऱ्याशेजारी एक बाक असावे, आणि त्यावर बसलेल्यास 'काय अडचण आहे?' असे विचारणारा एक मनुष्य असावा. यंदा शाळा भरली तेव्हा आमच्या टेबलासमोर आम्ही तसे एक बाक ठेविले आहे. त्यावर येऊन बसणाऱ्यास आम्ही प्रथम नाव विचारतो. कागद मागाहून पाहतो.