तळहाताची खूण

जुनी न्हाणी फोडायला घेतली की हातोडी उचलायच्या आधी मी बॅटरी घेऊन भिंती बघतो. घरच्यांना वाटतं, मिस्त्री ओल शोधतोय. ओल असतेच, ती शोधावी लागत नाही. मी बघत असतो हातांचे डाग. चौकटीच्या आतल्या अंगाला, नळाच्या वर वीतभर, बसायच्या दगडाशेजारच्या कोपऱ्यात. तेलकट, काळपट, मध्यभागी गुळगुळीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं वर्षानुवर्षं रोज सकाळी तिथंच हात टेकलेला असतो. चुन्याचा हात मारला तरी दोन महिन्यांत डाग पुन्हा वर येतो. आधाराची दांडी कुठं बसवायची, हे मग कुणाला विचारावं लागत नाही.

ही अक्कल मला उशिरा आली आणि तिची किंमत दुसऱ्यानं मोजली.

तालुक्याच्या दक्षिणेला, गोदाकाठच्या एका गावात मी एक न्हाणी नवी करून दिली होती. छातीपर्यंत पांढरी चकचकीत टाइल, स्टीलचा टॉवेल रॉड, दोन कप्प्यांची साबणदाणी. घरचे आजोबा रोज त्या रॉडला धरून उठायचे. मला ते माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. भिंत साडेचार इंची, रॉड चार स्क्रूंवर, आणि स्क्रू विटेत नव्हे, नुसत्या गिलाव्यात. टाइलवर टिचकी मारली असती तर बद्द आवाज आला असता. एके दिवशी रॉड गिलाव्याच्या खपलीसकट हातात आला आणि आजोबांचं मनगट मोडलं. भेटायला गेलो तर मलाच समजावू लागले, "तुजी काय चुकी रं? ती टावेलाची दांडी व्हती. मीच धरायलो तिला." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तोल गेलेला हात ही टॉवेलची दांडी, हा नळ असा विचार करत नाही. रॉड, नळ, बेसिनची कड, दाराची कडी, जे जवळ असेल ते धरतो. तेव्हापासून न्हाणीच्या भिंतीवर जे काही लावायचं, त्याला माणूस लोंबकळणार असं धरूनच मी लावतो. साडेचार इंची भिंत असेल तर आरपार बोल्ट आणि बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी. बाहेरून भिंतीला ठिगळ मारल्यासारखं दिसतं, पाहुणे नाक मुरडतात. मुरडू द्यावं. दांडी दीड इंच जाडीची, म्हणजे मूठ पुरती वळते. भिंतीपासून अंतर दीड-दोन इंच. त्याहून जास्त ठेवलं तर पडताना हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो.

बाईची न्हाणी मात्र राहूनच गेली होती. बाई म्हणजे माझी आई. ही न्हाणी मी १९९६ साली बांधली, बापाच्या हाताखालून सुटल्यावरचं माझं पहिलं काम. उंबरा चांगला चार इंच उंच, वर कडाप्प्याची पट्टी. गवंड्याची परीक्षा न्हाणीच्या उंबऱ्यावर होते. पाण्याचा ओघळ घरात आला की सगळ्या गल्लीत नाव निघतं. गेल्या पावसाळ्यात ओसरीत चहा पीत बसलो होतो आणि बाई न्हाणीपाशी थांबलेली दिसली. तिनं चौकट धरली, डावा पाय उचलून आत ठेवला, मग उजवा पाय मांडीला हात घालून वर घेतला, जशी जड घागर उचलावी तसा. चहा संपेस्तोवर ती आत पोचली होती. तीस वर्षांत तालुक्यात मी असे किती उंबरे घातले त्याचा हिशेब नाही. घालून घेणारी माणसं तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होती. आता त्यांच्याच घरी जाऊन तेच उंबरे फोडतो, आणि फोडायचीही मजुरी घेतो.

उंबरा फोडणं अर्ध्या तासाचं काम. पाण्याला ते समजावणं अवघड. न्हाणीच्या तळाला फुटाला दीड सूत उतार लागतो. सहा फुटांच्या न्हाणीत तो नऊ सूत होतो, इंचाहून जरा जास्त. दारात घराची फरशी आणि न्हाणीची फरशी एका पातळीत आणायची आणि तिथून हा उतार काढायचा, तर आमच्या घरी आख्खा तळच तीन इंच खाली न्यावा लागणार होता. कोबा फोडला, नहाणी ट्रॅप खाली घेतला. (हा शब्द आपला, पण प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही तो तसाच छापलेला असतो.) ट्रॅप खाली गेला तर पाइप खाली, पाइप खाली तर अंगणातला चेंबर खाली. आणि चेंबर खाली गेल्यावर कळलं की गल्लीतली नाली आता त्याच्या वर आहे. गल्लीत सिमेंटचा रस्ता दोनदा झाला, दर वेळी अर्धा फूट वर चढला. घरं होती तिथंच राहिली. शेवटी नालीचा नाद सोडला आणि अंगणात शोषखड्डा घेतला. एका उंबऱ्यापायी सगळं अंगण उकरलं गेलं. बायको म्हणाली, गिऱ्हाइकाला दोन दिवस सांगता ना?

दारात आडवी नाली घेऊन वर स्टीलची जाळी टाकली. उंबऱ्याचं काम आता ती जाळी करते.

मग टिपाड. मराठवाड्यातली न्हाणी ही निम्मी न्हाणी आणि निम्मी पाण्याची कोठी असते. २०१२-१३ च्या दुष्काळात तालुक्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, टँकरच्या मागं लोक घागरी घेऊन पळाले. तेव्हा घरोघरी जे दोनशे लिटरचं निळं टिपाड न्हाणीत येऊन बसलं, ते पुढं चांगले पावसाळे झाले तरी उठलं नाही. चार बाय सहाच्या जागेत ते दोन फूट खातं. वर म्हातारं माणूस त्याच्या काठाला धरून उभं राहतं, आणि उन्हाळ्यात ते अर्धं रिकामं झालं की धरल्याबरोबर कलंडतं. "बाई, हे टिपाड बाहेर काढू" म्हटलं तर बाई अशी बघायला लागली की जणू मी धान्याची कणगी विकायला निघालोय. टाकी बाहेर भिंतीला लागून बसवली, भिंतीतून पाइप आत घेतला आणि तोटी फिरवून पाणी दाखवलं, तेव्हा कुठं ती टिपाड सोडायला तयार झाली. तरीही दोन दिवस सकाळी उठून टाकीचं झाकण उघडून बघत होती.

मध्ये काही वर्षं मी छत्रपती संभाजीनगरला एका आर्किटेक्टच्या साइटवर होतो. त्यांच्या नकाशात न्हाणीघराच्या मधोमध एक तुटक रेषेचं वर्तुळ असायचं, दीड मीटर व्यासाचं. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळायला तेवढी जागा लागते. दार नऊशे मिलिमीटर मोकळं. मी हसून म्हणालो, साहेब, आमच्याकडं न्हाणीच चार फूट रुंद, तुमचं वर्तुळ भिंतीतून शेजाऱ्याच्या घरात जाईल. ते हसले नाहीत. त्यांनीच मला सांगितलं की अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात अलेक्झांडर कीरा नावाचे प्राध्यापक होते. माणूस धुतो कसा, बसतो कसा, उठतो कसा, हे मापून त्यांनी १९६६ साली 'द बाथरूम' नावाचं पुस्तक छापलं. न्हाणीघरावर आख्खं पुस्तक! तेव्हा मला गंमत वाटली होती. बाईच्या न्हाणीत टेप घेऊन बसलो तेव्हा गंमत वाटली नाही.

कारण पुस्तकातली मापं शॉवरखाली बसणाऱ्या माणसाची होती. आमची माणसं बादली-तांब्यानं आंघोळ करतात. मी बाईला रिकाम्या न्हाणीत पाटावर बसवलं आणि म्हटलं, आंघोळ कर. ती म्हणाली, "येड लागलंय का? काय मोजायलास?" पण कोरड्याच तांब्यानं करून दाखवली. बादली जमिनीवर, बाई पाटावर. दर तांब्याला ती कमरेत वाकत होती, आणि बादली निम्म्याखाली गेली की वाकणं वाढत होतं. तळाला पोचली तेव्हा तिचं डोकं गुडघ्यांच्या पुढं गेलं होतं. माणूस पडतो तो इथं. भरलेली बादली नळाखालून ओढून जवळ घ्यायची तेव्हाही पडतो, पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो ओझं.

म्हणून बादलीला ओटा बांधला. बसून राहिलेल्या बाईच्या मांडीच्या उंचीला, उजव्या हाताशी, नळ बरोबर त्याच्या वर. बादली भरायची तिथंच, संपवायची तिथंच, ओढायची नाही. बसायला पाटाऐवजी भिंतीतून काढलेला पक्का बाक, पंधरा इंच चार सूत उंच. पुस्तकांत अठरा-एकोणीस इंच म्हणतात, कारण उंचावरून उठायला गुडघ्याला कमी त्रास. पण आमची बाई ठेंगणी, अठरा इंचावर तिचे पाय अधांतरी लोंबतात, आणि पाय टेकलेले नसले की म्हातारं माणूस जास्त घाबरतं. ती रोज ज्या बाजेवर बसते तिची उंची मोजली, तीच घेतली. आजवर केलेल्या कामांत मला सगळ्यात आवडलेलं काम कुठलं म्हणाल तर तो बादलीचा ओटा. दोन ओळी विटा आणि वर एक शहाबादी.

फरशीवर मात्र माझं आणि दुकानदाराचं जमत नाही. टाइलच्या डब्यावर आर-९, आर-११ असे आकडे असतात. ते जर्मन मोजणीतून आलेत, तेल टाकलेल्या उतारावर बूट घालून माणूस चालवतात आणि कुठं घसरतो ते बघतात. आमची माणसं न्हाणीत बूट घालून जात नाहीत. अनवाणी पायाची ए, बी, सी अशी वेगळी मोजणी आहे, ती दुकानात विचारली तर माझ्याकडंच बघत राहतात. खरखरीत घ्यावी तर बोअरच्या पाण्याचा क्षार आणि साबणाचं मेण तिच्या खाचांत बसतं, मग बाया ॲसिड ओततात. शहाबादीवर तर ॲसिड ओतूच नये, चुनखडीचा दगड तो, फसफसतो आणि पोपडे धरतो. मी बारीक तुकड्यांची मॅट टाइल घेतो. तुकडे लहान म्हणजे सांधे जास्त, आणि ओला पाय सांध्यावर थांबतो. रंग गडद. बाईचा एक डोळा मोतीबिंदूचा. पांढऱ्या फरशीवर पांढरी वस्तू तिला दिसतच नाही, चाचपडत बसते.

दार उलटं केलं, आत उघडणारं बाहेर उघडतं केलं. आत पडलेलं माणूस दारालाच आडवं होतं, आणि मग दार ढकलायचं म्हणजे त्यालाच ढकलायचं. आतली कडी अशी की बाहेरून रुपयाच्या नाण्यानं फिरते.

राहिला संडास. स्वच्छ भारतच्या बारा हजारांत अंगणात बांधलेला, भारतीय भांड्याचा. कमोड बसवूया म्हटल्यावर बाई चिडलीच. "खुर्चीवर बसून कुणी जातं व्हय रे?" समर्थ रामदास जन्मले ते जांब आमच्याच तालुक्यातलं, दासबोध बाईच्या कानावरून कितीदा तरी गेलेला. तिसऱ्या दशकात म्हातारपणाची जी दैना सांगितलीय ती ऐकताना ती मान डोलवते, पण ती दैना आपली आहे हे तिला मान्य नव्हतं. मी वाद घातला नाही. २०२४ पासून राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, पासष्ट वर्षांवरच्या पात्र माणसाच्या खात्यावर तीन हजार रुपये येतात, त्यात काठी, चष्मा किंवा कमोडची खुर्ची घेता येते. शेजारच्या काकूंनी घेतली होती. ती आठवडाभर मागून आणून भांड्यावर ठेवली आणि मी कामावर निघून गेलो. पाचव्या दिवशी बाई म्हणाली, "त्यांची खुर्ची देऊन टाक. आपली आण." कमोड बसवताना जुन्या भांड्याचा ट्रॅप भिंतीपासून नेमका नको त्या अंतरावर निघाला, त्याची वेगळीच कथा.

दांडी मी डागाच्या मापानंच लावली होती. नवी टाइल लावायच्या आधी जुन्या भिंतीवरच्या डागाचा मध्य फरशीपासून मोजून वहीत लिहून ठेवला होता, तेहेतीस इंच. बाई दांडी धरते, शिवाय तिच्यावर ओलं लुगडं वाळत घालते, नको म्हटलं तरी.

परवा जाळी साफ करायला आत गेलो आणि सवयीनं बॅटरी भिंतीवर फिरवली. गडद टाइलवर तेलाचा पुसट ठसा होता. दांडीवर नाही, दांडीच्या खाली, चार बोटं. जुना डाग पंधरा वर्षांत पडलेला. तेव्हाची बाई आणि आत्ताची बाई यांच्यात चार बोटांचं अंतर पडलंय, ते मी मोजलंच नव्हतं. बाहेर येऊन तिला ओसरीच्या भिंतीला टेकून उभं केलं. "आता काय मोजायलास?" म्हणाली.

पाना आणि ड्रिल घेऊन आत गेलो. जुनी भोकं बुजवायला पांढरं सिमेंट घरात होतं.