घरातला समुद्र

आमचे वरसावे गाव साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीकाठी वसलेले आहे. एका अंगाला रानाने झाकलेले डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून रात्रंदिवस धावणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. भरतीबरोबर समुद्र आमच्या गावाशी येतो आणि ओहोटीबरोबर परत जातो. दिवसातून दोन वेळा जो आपण होऊन भेटीस येतो, त्याला आणखी घरात कशाला आणावयाचे, असे कोणीही विचारील. परंतु हौसेला मोल नसते. माझ्या थोरल्या बंधूंनी लहानपणी मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेले ते मत्स्यालय पुढे बंद झाले. पण काचेआडच्या निळ्या पाण्यातून संथपणे फिरणारे मासे दादांच्या मनातून काही गेले नाहीत. आपल्याही घरी समुद्राचा एक तुकडा असावा, त्यात खडक असावेत, खडकांच्या कपारींतून रंगीत मासे डोकवावेत, असा त्यांचा मनोदय होता. त्यांची बारा वर्षांची मुलगी तर या बेताने हरखूनच गेली. तिने एका मोठ्या कागदावर टाकीचे चित्र काढले. चित्रात मासे थोडे आणि लाल, जांभळी, पिवळी प्रवाळे भरपूर होती.

चित्र कागदावर काढणे सोपे. ते पाण्यात उतरविणे अवघड. पहिला प्रश्न निघाला तो वजनाचा. टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच करावयाची ठरली. म्हणजे चोवीस घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. तेव्हा टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावणार. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असते. ते झाले सुमारे सातशे किलो. त्यात काच, दगड, वाळू आणि खालची भक्कम घडवंची यांचे वजन मिळविले, की बेरीज एका टनाच्या घरात जाते! आमच्या ओळखीच्या एका स्थापत्य अभियंत्यांना दादांनी सल्ला विचारला. ते म्हणाले, "राहत्या घराच्या वरच्या मजल्याची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून आखलेली असते. तुमची टाकी तेवढ्याच जागेवर त्याच्या चौपटीहून अधिक भार टाकणार. ती तळमजल्यावरच ठेवा." त्याप्रमाणे टाकीची जागा तळमजल्यावर, जोत्याच्या घट्ट जमिनीवर ठरली. गवंड्याने पाणसळ लावून घडवंची चारही बाजूंनी समतल केली. कारण ती जरा जरी कलती राहिली, तर काचेच्या एका कोपऱ्यावर अधिक ताण पडतो आणि जोड उकलण्याचे भय असते. पाणी भरण्यापूर्वी पुरता एक महिना अशा बारीकसारीक गोष्टींतच गेला.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पुतणी म्हणाली, "काका, खाडी तर दाराशीच आहे. बादल्या भरून आणू या की!" परंतु खाडीचे पाणी समुद्राच्या पाण्यासारखे स्थिर नसते. उन्हाळ्यात ते खारट असते. पावसाळ्यात उल्हास नदीचा गढूळ पूर त्यात मिसळला, म्हणजे त्याचा खारेपणा झपाट्याने उतरतो. शिवाय मोठ्या वस्तीचे सांडपाणीही खाडीतच येते. म्हणून आम्ही गाळून शुद्ध केलेले गोडे पाणी घेतले आणि मत्स्यालयासाठी मिळणारे मीठ त्यात विरघळविले. हे मीठ स्वयंपाकातल्या मिठासारखे नसते. त्यात समुद्राच्या पाण्यातील चुना, मॅग्नेशियम इत्यादी क्षारही असतात. एका लिटरला ३५ ग्रॅम, या हिशोबाने सगळ्या टाकीला जवळजवळ चोवीस किलो मीठ लागले.

पाणी तयार झाले, तेव्हा एक नवल दिसून आले. दर दोन दिवसांनी टाकीतील पाणी बोटभर खाली जाई, आणि खारेपणा मोजला तर तो मात्र वाढलेला असे. पुतणीला वाटले, की पाणी कमी झाले, तेव्हा आणखी खारे पाणी ओतावयास हवे. आमच्या आईचे बालपण भाईंदरच्या मिठागरांजवळ गेले आहे. ती हसून म्हणाली, "अगं, मिठागरात काय होते? उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. तुमच्या टाकीतही तेच चालले आहे. पाणी तेवढे उडाले, मीठ जिथल्या तिथे आहे. त्यात गोडे पाणी घाला." आजीचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. त्या दिवसापासून टाकीत रोज गोडे पाणी घालण्याचे काम पुतणीकडे आले, आणि तिने ते एकदाही चुकविले नाही.

एवढे झाल्यावर कोणालाही वाटेल, की आता मासे सोडावयास हरकत नाही. पण येथेच खरी कसोटी असते. नव्या टाकीतले पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते. तरी माशांच्या दृष्टीने ते घर अजून राहण्याजोगे झालेले नसते. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून त्यातून अमोनिया नावाचे विष तयार होते. समुद्रात, नदीत, तळ्यात सर्वत्र सूक्ष्म जीवाणू या विषाचा बंदोबस्त करतात. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवितात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच निरुपद्रवी असते आणि अधूनमधून थोडे पाणी बदलले, की आटोक्यात राहते. डोळ्यांना न दिसणारे हे सफाई कामगार दगडांच्या बारीक छिद्रांत आणि वाळूत वस्ती करतात. त्यांची वस्ती वाढावयास पाच-सहा आठवडे लागतात. ते पैसे देऊन घाईने उरकता येत नाही.

तेव्हा आम्ही टाकीत चुनखडी व सिमेंटचे ओबडधोबड खडक रचले, चिमूटभर खाद्य टाकले आणि वाट पाहत बसलो. पुतणीने एक वही केली. दर रविवारी ती काचेच्या नळीत टाकीतले पाणी घेई, त्यात औषधाचे थेंब टाकी आणि बदललेल्या रंगावरून अमोनिया किती, नायट्राइट किती, याची नोंद करी. तिसऱ्या आठवड्यात दगडांवर तपकिरी रंगाचे शेवाळ धरले. घरी आलेले पाहुणे म्हणत, "एवढा खर्च केला आणि शेवटी डबकेच झाले ना!" पुतणी हिरमुसली. दादा मात्र शांतपणे म्हणाले, "बाळ, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे आपण करावयाचे नाही." सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. त्या दिवशी रिकाम्या टाकीकडे पाहून आमच्या घरात जेवढा आनंद झाला, तेवढा पुढे मासे आले तेव्हाही झाला नसेल.

आता राहिली प्रवाळे. पुतणीच्या चित्रात तर तीच मुख्य होती. प्रवाळ दिसावयास दगडासारखे किंवा झाडासारखे असले, तरी तो प्राणी आहे. खरे म्हणजे हजारो चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत आहे. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्या भोवती घर बांधतात. त्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि आपल्या यजमानाला त्यातला वाटा देते. जगातील समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागात प्रवाळांच्या बागा आहेत. परंतु समुद्रातील सुमारे पाव जातींच्या प्राण्यांना त्यांचा आधार असतो.

आम्ही दगड आणावयास एका दुकानात गेलो होतो, तेव्हा दुकानदाराने हळूच ओल्या कागदात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली. तो जिवंत प्रवाळाचा नारळाएवढा गोळा होता. "कोणाला सांगू नका, पण टाकी कशी शोभून दिसेल बघा," असे तो म्हणाला. पुतणीचे डोळे लकाकले. दादांनी नकार दिला आणि आम्ही तेथून निघालो. वाटेत ती म्हणाली, "काका, एवढ्या मोठ्या समुद्रातून एक तुकडा आणला, तर समुद्राचे काय कमी होणार आहे?"

मी तिला सांगितले, की आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, दगडी प्रवाळांना स्थान मिळाले. वाघ जसा पकडता येत नाही, तसे प्रवाळही तोडता वा विकता येत नाही. मुंबईचा किनारी रस्ता बांधताना वरळी आणि हाजीअली येथील खडकांवर प्रवाळांच्या काही छोट्या वसाहती आढळल्या, तेव्हा परवानगी काढून, २०२० साली त्यांतील अठरा वसाहती जपून दुसरीकडे हलविण्यात आल्या. तिने हे सारे ऐकले. पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. मग मी म्हणालो, "असा गोल प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तो गोळा नारळाएवढा व्हावयास किती वर्षे लागली असतील, ते तूच मोज." तिने बोटांवर हिशोब केला. मध्यापासून कडेपर्यंत दहा-बारा सेंटिमीटर. ती एकाएकी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे तो माझ्याच वयाचा होता!" त्यानंतर घर येईपर्यंत ती काही बोलली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिला मालवणला घेऊन गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्यात प्रवाळे आहेत आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. पाण्याखाली पाहण्याचा चष्मा लावून तिने समुद्रात तोंड बुडविले. चित्रातल्यासारखा लाल-जांभळा बगीचा तेथे नव्हता. प्रवाळे तपकिरी, हिरवट, साधी होती. पण त्यांच्या कपारींतून इवले मासे ये-जा करीत होते आणि प्रत्येक लाटेबरोबर सारे पाणी श्वास घेतल्यासारखे हालत होते. होडीवाले काकाही तिला मोठ्या आस्थेने माहिती सांगत होते. "हात लावू नकोस गो, आणि पाय टेकू नकोस," असे त्यांनी बजावले. प्रवाळांचा शत्रू केवळ तोडणारा हात नव्हे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंश अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर त्यांच्या अंगातील शैवाल निघून जाते आणि ती पांढरी फटक पडतात. २०२४ च्या एप्रिल महिन्यात शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की असे संकट चौथ्यांदा साऱ्या जगातील प्रवाळांवर आले आहे.

आमच्या टाकीत आज क्लाउनफिश जातीच्या माशांची एक जोडी आहे. अंग नारिंगी आणि त्यावर पांढरे पट्टे. हे मासे समुद्रातून धरलेले नाहीत. आपल्या देशातील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांची पैदास बंदिस्त टाक्यांत करण्याची विद्या साध्य केली आहे. अशाच पैदाशीतून ते आमच्याकडे आले. सोबतीला दोन कोळंब्या आणि शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगायी आहेत. गेल्या जुलैत एका रात्री चार तास वीज नव्हती. पंप थांबला, की पाण्यात प्राणवायू मिसळणे थांबते. घरातील सर्व माणसे जागी होती. पुतणी बॅटरीवर चालणारा छोटा पंप लावून कंदिलाच्या उजेडात पाण्यापाशी बसून राहिली. बाहेर खाडीत भरतीचे पाणी चढत होते. त्या पाण्याला ना पंप लागत होता, ना पहारा. सहाशे-सातशे लिटर पाणी जिवंत ठेवण्यासाठी चार माणसांना रात्र जागवावी लागते, आणि अथांग सागर ते काम कोणालाही न उठविता युगानुयुगे करीत आला आहे, हे त्या रात्री आम्हांला जसे समजले, तसे कोणत्याही पुस्तकाने समजले नसते.

पुतणीच्या मैत्रिणी घरी येतात. भिंतीवरचे जुने चित्र पाहतात, मग टाकी पाहतात आणि विचारतात, "यातली रंगीत प्रवाळे कुठे गेली गं?" ती अगदी सहज उत्तर देते, "ती समुद्रात आहेत. बघावयाची असतील, तर आपण जाऊ त्यांच्या घरी." आणि मग गोड्या पाण्याचा तांब्या घेऊन ती आपल्या रोजच्या कामाला लागते.