अब्बांचा जुना कॉम्प्युटर

मालवणच्या आमच्या घरात मरहूम अब्बांचा एक्सपीवाला कॉम्प्युटर आहे. ईदचे, रापणीचे, दादीचे सगळे फोटो त्यातच. खाऱ्या हवेने पेनड्राइव्हची जागा गंजलेली, म्हणून केबलने तो माझ्या विंडोज १० ला जोडला. दोन्हीकडे वर्कग्रुपचे नाव एकच ठेवले, तरी फोल्डर उघडेना.

अडचण भाषेची होती. एक्सपीला फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत, ‘एसएमबी १’, तेवढीच कळते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ याच पद्धतीतल्या उणिवेतून जगभर पसरला. त्याच वर्षापासून मायक्रोसॉफ्टने ती विंडोज १० मधून काढायला घेतली.

इंटरनेट तोडून, ‘विंडोज फीचर्स’मधून ती तेवढ्यापुरती चालू केली. फोटो आले आणि लगेच बंद केली.

अम्मी दादीचा फोटो बराच वेळ पाहत राहिली. तुमच्याही घरी असे यंत्र असेल, तर ते चालू आहे तोवर फोटो काढून घ्या.