आठवा प्लग

आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात 'पुष्पक' विमानाचं जुनं इंजिन होतं. एचएएलचं हे विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं. इंजिन कॉन्टिनेन्टल सी-९०, चार सिलिंडर, आठ प्लग. सात निघाले, आठवा हलेना. मी पान्याला पाईप अडकवून लटकलो. कट्ट! डोकं हातात, आटे आतच. सरांना सांगायची हिंमत होईना.

शनिवारी ट्रॉम्ब्याला घरी गेलो. कोळीवाड्यात बोटींची इंजिनं खोलणारे मामा हसले, "खाऱ्या हवेतलं लोखंड ताकदीनं नाय निघत पोरा, सबुरीनं निघतं. जरा तापव."

तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, हे लिहून मी पेपरात मार्क मिळवले होते! हेड ॲल्युमिनियमचं, प्लग स्टीलचा. वापरायचं मात्र मामांनाच सुचलं.

रात्रभर तेल मुरवलं. सकाळी ते पुसून, प्लगमधली चिनीमाती काढून, हॉट एअर गनने हेड तापवलं. मग ईझी-आउट. थोडं सैल, परत घट्ट, परत सैल. तिसऱ्या दिवशी तुकडा बाहेर!

तो तुकडा सरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं खरं सांगितलं. नव्या प्लगला अँटी-सीझ लावलंय, टोकाचा आटा कोरडा ठेवून. ज्युनियर्स, आता पाईप शोधू नका!