खिडकीबाहेरचा पाऊस

मुंबईला पाऊस नवा नाही. आषाढात आभाळ कोसळले, तरी छत्री सावरीत कामावर जाणारे हे शहर! परंतु २६ जुलै २००५ रोजी त्याची गाठ निराळ्याच पावसाशी पडली. चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आणि दक्षिण टोकाच्या कुलाब्यास मात्र जेमतेम ७३ मिलिमीटर.

महापालिकेचे मुख्यालय दक्षिणेतच, बोरीबंदरासमोर आहे. तेथील खिडकीतून पाहणाऱ्यास आषाढातला नेहमीचाच पाऊस दिसला असता. उत्तरेकडे मात्र मिठी नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली होती. लोकलगाड्या थांबल्या, वीज गेली, असंख्य दूरध्वनी मुके झाले. परक्यांनी परक्यांना घरात घेतले, चहा पाजला, कोरडे कपडे दिले. या माणुसकीचे गोडवे पुढे पुष्कळ गायिले गेले, आणि ते रास्तच होते. परंतु पाणी कोठे किती चढले, कोणता रस्ता मोकळा आहे, होडी प्रथम कोठे न्यावी, हे एकट्या माणुसकीला कसे कळावे? मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली.

त्यानंतर शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्यात आले. त्यांसाठी अग्निशमन केंद्रांच्या गच्च्या निवडल्या, ही निवड मोठी शहाणपणाची. कारण त्या वास्तू रात्रंदिवस जाग्या असतात. तेथील आकडे महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षात थोड्या थोड्या वेळाने येतात. कक्षात पावसाइतकेच लक्ष भरतीच्या वेळापत्रकाकडे असते. मोठ्या भरतीला समुद्र नाल्यांच्या मुखांहून उंच चढतो आणि शहरातले पाणी शहरातच अडते. अशा वेळी मुसळधार पाऊस आला, तर सखल भागांतील पंपांवरच सारी भिस्त.

१९१६ हा या कक्षाचा क्रमांक. ‘झाड पडले’, एवढेच कोणी घाबऱ्या आवाजात सांगतो. ऐकणारा शांतपणे विचारतो: कोठे? खाली कोणी अडकले आहे काय? विजेची तार तुटली आहे काय? मग निरोप एकाच वेळी अग्निशमन दलास, वीज कंपनीस आणि विभाग कार्यालयास जातो. तार जिवंत असताना फांदी तोडावयास कोणी पुढे होऊ नये, हे पाहावे लागते. झाड उचलणाऱ्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. दूरध्वनीपाशी बसणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. त्यालाही ते विचारले जावे असे वाटत असेल, पण तोवर दुसरा दूरध्वनी वाजू लागलेला असतो.